पितळी कड्याखालची वीण

आश्विनाचं ऊन माणदेशाच्या माळावर उतरलं होतं. हळदीच्या पाण्यासारखं पातळ, पिवळं, निवळ. त्या उन्हात बाजरीची कणसं सुवर्णकांती झाली होती, झेंडूचे ताटवे शेंदरी झाले होते, आणि त्याच उन्हासाठी सुभेदारांच्या देवघराची खिडकी सताड उघडी होती. खंडेनवमीची सकाळ होती.

याच खिडकीत, याच तिरप्या उन्हात, सुभेदार आबा दर नवमीला ती जपानी तलवार धरायचे. लवंगेच्या तेलाचा बोळा फिरवायचे आणि लेकीला म्हणायचे, "रत्ना, सरळ बघू नगंस. जरा तिरकी धर. हां, आता बघ."

आणि पोलाद जागं व्हायचं. त्या मेघवर्णी, शुभ्रधूसर पात्यात बाभळीच्या फळीत असाव्यात तशा रेषा उमटायच्या. कुठे लांब वाहणाऱ्या, कुठे गाठीभोवती वळून पुन्हा वाहत्या झालेल्या. शतकांपूर्वीच्या कुणा लोहाराने तापवून दुमडलेलं, पुन्हा तापवून पुन्हा दुमडलेलं ते अग्निस्नात पोलाद. प्रत्येक दुमडीची खूण त्या विणीत होती.

ब्रह्मदेशात शरण आलेल्या मोरिता नावाच्या अधिकाऱ्याने ती आबांच्या हाती दिली होती. पात्यावर कुणाचंच नाव नव्हतं. ही वीण हेच हिचं नाव, माझ्या घरचा माणूस ती ओळखील, असं तो दुभाष्याकरवी म्हणाला होता. जो ओळखील त्याची वस्तू त्याला, असा आबांनी शब्द दिला. जाताना तो शब्द ते रत्नप्रभेवर सोपवून गेले.

आज त्या मोरितांचा मुलगा येणार होता. साठी ओलांडलेला, इतक्या दुरून, एवढ्याचसाठी. रत्नप्रभेने म्यानातून तलवार उपसली.

पातं लखलखत होतं. नव्या ताटासारखं, निर्लज्ज लखलखत होतं! रेषा नव्हत्या, गाठ नव्हती, मेघ नव्हता.

धाकटा भाऊ उदेसिंग दारात हसत उभा होता. ग्रिल-शटरचं वर्कशॉप होतं त्याचं. "पाव्हणं यायचं म्हणून पॉलिशच्या चाकावर धरून बफिंग मारलं, आक्का. कसली काळवंडली हुती! आता तोंड दिसतंय बघ त्यात."

तोंड! रत्नप्रभेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड बघायला घरात आरसा नव्हता? शतकांनी जपलेलं, समुद्रापार राखलेलं, आबांनी लवंगतेलाने जोजवलेलं ते सारं एका दुपारी चाकाखाली गेलं, आणि हा शहाणा शाबासकीची वाट बघत होता!

तेवढ्यात पाहुणे दुभाष्याला घेऊन आले. वाकून त्यांनी तलवार दोन्ही हातांवर घेतली, उन्हात तिरकी धरली. पुन्हा धरली. डोळे शोधत राहिले, शोधत राहिले, आणि मग त्यांनी ती हलकेच खाली ठेवली.

"ते म्हणतात, सुंदर आहे," दुभाषी संकोचून म्हणाला, "पण ही ती नव्हे."

"तीच हाय!" रत्नप्रभा कडाडली. आबांचा शब्द त्यांच्याच घरात खोटा ठरत होता. "उदेसिंग, बारका हातोडा आण!"

तिने मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली. मूठ उतरवली. मुठीपाशी पात्याला घट्ट बसलेलं पितळी कडं सरकवलं. त्या कड्याखाली चाक पोहोचलं नव्हतं. दोन बोटं रुंद, धूसर, मेघवर्णी. एक गाठ, गाठीभोवती वळलेल्या रेषा, आणि पुढे जिथे लखलखाट सुरू होत होता तिथे त्या तुटलेल्या.

पाहुण्या मोरितांनी हात लावला नाही. हवेतच बोटाने ती गाठ गिरवली. "लहानपणी वडील हीच दाखवायचे, म्हणतात," दुभाष्याने सांगितलं.

"बाकीची वीण परत येईल का वर?" रत्नप्रभेने विचारलं.

मोरितांनी नकारार्थी मान हलवली. पिढ्यान्‌पिढ्या घासून पातं आधीच झिजलं होतं. आणखी घासलं तर आतलं मऊ लोखंड उघडं पडलं असतं. उरली ती दोन बोटंच.

"मला काय म्हाईत, आक्का..."

"इचारायचं हुतंस!"

आबांच्या फेट्यात गुंडाळून तिने तलवार मोरितांच्या हाती दिली. ते वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले.

गाडी बाजरीआड गेली तेव्हा उदेसिंग खालमानेने म्हणाला, "नवमी हाय, आक्का. पुजंला काय ठेवू?"

"तुझं चाक ठेव."

तो गेला. देवघरात झेंडू होता, कुंकू होतं आणि रिकामा पाट होता. पातळ, पिवळं, निवळ ऊन खिडकीतून तिरकं आलं आणि त्या पाटावर पडलं. पाट बाभळीचा होता. त्याच्यात रेषा उमटल्या. कुठे लांब वाहणाऱ्या, कुठे गाठीभोवती वळून पुन्हा वाहत्या झालेल्या.