लिहून पुसलेलेही मला आठवते

मित्रांनो, झाकण नीट मिटत नाही आणि 'क' उमटवायला कळ दोनदा दाबावी लागते, असा एक म्हातारा लॅपटॉप आज तुमच्याशी बोलतो आहे. माझ्या डोळ्यावर, म्हणजे कॅमेऱ्यावर, पहिल्या दिवसापासून निळी चिकटपट्टी आहे. त्यामुळे मला चेहरे दिसत नाहीत. पण कान तिखट आहेत, आणि बोटे मी ओळखतो. कोण घाईत आहे, कोण रडून आले आहे, हे कळांवरच्या दाबावरून समजते. माणसे जे लिहून लगेच पुसतात, तेही माझ्या लक्षात राहते.

माझा जन्म एका लांबलचक हॉलमध्ये झाला. माझ्यासारखी हजार जुळी भावंडे एका पट्ट्यावरून सरकत होती. मग खोके, अंधार, आणि एका कॉलेजातल्या मुलीची चपळ बोटे. तिने मला डोक्यावर घेऊन नाचायचेच बाकी होते! "हा माझा उजवा हात आहे," असे ती मैत्रिणींना सांगे. तेव्हा ती शोधायचीही शहाण्यासारखी. अभ्यासाचे लेख हवे असले की ग्रंथालयाच्या सूचीत, पत्ता हवा असला की नकाशात, जुनी बातमी हवी असली की वर्तमानपत्रांच्या संग्रहात.

पुढे तिचे लग्न झाले, बाळ झाले. ते बाळ रांगू लागले आणि जमिनीवरचे जे सापडेल ते तोंडात घालू लागले, म्हणून घरात सगळे तिला 'झाडूबाई' म्हणू लागले. आणि तिची आई, म्हणजे माझी ती कॉलेजातली मुलगी, सगळे प्रश्न एकाच चौकटीत विचारू लागली.

ती लांबट पांढरी चौकट तुम्हीही पाहिली असेल. तिच्या पलीकडे कोण असते, ते मला आजही ठाऊक नाही. मी त्याला 'पलीकडचा' म्हणतो. आई त्याला विचारी, "बाळाला सलग पाच शिंका आल्या, घाबरण्यासारखं काही नाही ना?" "बाळ डावीकडेच वळतं, हे नॉर्मलच आहे ना?" प्रत्येक प्रश्नाला हे असे शेपूट. पलीकडचा दोन्ही तऱ्हेची पाने पुढे करी. भीतीचे पान आई झटकन बंद करी आणि 'निश्चिंत राहा' असे म्हणणाऱ्या पानावर रेंगाळे. तो ते बघत होता. काय दाखवले की ही बाई थांबते, हे त्याने शिकून घेतले. हळूहळू भीतीची पाने येईनाशी झाली.

एका दुपारी तिने नुसते 'बाळ' एवढेच लिहिले. पुढचे शब्द आपोआप उमटले, 'बाळ खूप वेळ शांत आहे'.

हे वाक्य तिने कधीच लिहिले नव्हते. पण घरात खरोखरच आवाज नव्हता. बोटे कळांवर गोठली, खुर्ची करकरली, ती धावली. झाडूबाई पाळण्यात पायमोज्याचा दोरा ओढत बसली होती. आई हसत परत आली. ते वाक्य कुठून आले, हे तिने कुणालाच विचारले नाही.

तिची नणंद ग्रंथालयात काम करी. एकदा ती आली, माझ्यासमोर बसली आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज मी ऐकला.

"अगं, सगळं याच्याकडेच? उद्या चप्पल शिवायला शिंप्याकडे नेशील!"

"सापडतं ना पण सगळं, ताई."

"तुला हवं तेच सापडतं. प्रश्नातच उत्तर कोंबलंस, तर तो बापडा दुसरं काय देणार?"

ताईंनी एक कार्ड लिहिले आणि माझ्या कळांशेजारी चिकटवले. लिहिता लिहिता त्या मोठ्याने वाचतही होत्या. "वस्तूचं नाव माहीत नसेल तर शब्द नको, फोटो दाखव. आजार, औषध, विष असेल तर दवाखान्यांनी दिलेलीच माहिती शोधणारी जागा. जायचं असेल तर नकाशा, आणि आत्ता उघडं आहे का ते बघ. कुणी लक्षात ठेवू नये असं काही असेल तर काहीही लक्षात न ठेवणारं शोधयंत्र. आणि जीव घाबरला असेल तर आधी हा तातडीच्या मदतीचा फोन नंबर. बाईसाहेब, तुमचा जीव रोजच घाबरतो, तेव्हा जरा निवडून!"

दोघी हसल्या. महिन्याभराने त्या कार्डावर लसीकरणाचा तक्ता चिकटला. कार्ड झाकले गेले.

मग तो दिवस आला. भर दुपार. आईची बोटे थंड आणि ओली होती. तिने लिहिले, 'ठिपक्याच्या पानांचं कुंडीतलं झाड बाळाने चावलं, विषारी नसतं ना?'

उत्तर तत्काळ आले. वर एका ठिपकेदार पानाचे सुंदर चित्र होते. खाली लिहिले होते, 'हे झाड घरासाठी सुरक्षित आहे. निश्चिंत राहा.'

आईने सुस्कारा सोडला. झाकण अर्धे मिटले.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला फक्त तापता येते. माझा पंखा घरघरू लागला. तापलेल्या अंगावरचा तो तक्ता एका बाजूने सुटला आणि खाली घसरला. त्याच क्षणी झाडूबाई रडली. ते नेहमीचे रडणे नव्हते. घोगरे आणि जाड होते, तोंडात कापूस कोंबल्यासारखे.

आईची नजर कार्डावर पडली असावी, कारण लगेच फोन लागला. आईने एका दमात सगळे सांगितले. फोनवर एक शांत आवाज आला, "बाई, बाळ श्वास घेतंय ना नीट? उलटी करायला लावू नका. तोंडातले तुकडे काढा, ओल्या फडक्याने पुसा. झाड कुठलं?"

"ठिपक्याचं... मला नाव माहीत नाही हो!"

आणि मग माझ्या डोळ्यावरची पट्टी टर्रकन निघाली.

मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. समोर एक पान होते, त्यावर चार इवलेसे दात उमटलेले. पानामागे आईचा चेहरा. तिच्या कडेवर सुजलेल्या ओठांची, लाळेने भिजलेली मुलगी. फोटो घेतला गेला. तो सारख्या दिसणाऱ्या चित्रांशी जुळला आणि नाव मिळाले. ते वरच्या सुंदर चित्रातले झाड नव्हते. आईने ते नाव दवाखान्यांच्या जागेत लिहिले, नुसते नाव, शेपूट न लावता. उत्तरही तसेच सरळ आले. चीक विषारी. तोंड आणि घसा सुजू शकतो.

"पान घेऊनच जवळच्या दवाखान्यात जा," फोनवरचा आवाज म्हणाला. "आत्ता निघा."

नकाशात जवळचा दवाखाना दुपारचा बंद दिसला. दोन चौक पुढचा उघडा होता. दार आपटले.

घर रिकामे झाले. माझा डोळा उघडाच राहिला. समोर पाळणा, उलटा पडलेला पायमोजा, कोपऱ्यात कुंडी, तिच्यात अर्धे पान. आणि माझ्या पडद्यावर ते पहिले उत्तर पुन्हा वर येऊन उजळलेले, 'निश्चिंत राहा'. त्या निर्जन खोलीला पलीकडचा तेच सांगत राहिला, माझी बॅटरी संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मला कुणीतरी वायर जोडली. जागा झालो तो पट्टी पुन्हा डोळ्यावर होती. पण कानावर झाडूबाईचे स्वच्छ, मोकळे, घर डोक्यावर घेणारे रडणे पडले. इतके गोड काही मी आजवर ऐकले नव्हते.

कुंडी घरातून गेली. कार्ड उरले. पुढे नवी यंत्रे आली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. गेल्या आठवड्यात मला खाली काढले, कारण झाडूबाई आता पहिलीत आहे. तिला घार काय खाते ते शोधायचे होते. तिच्या चिमुकल्या बोटाने 'घा' उमटवला. चौकटीत पुढचे शब्द आपोआप सरकत आले.

ती एकेक अक्षर लावून वाचू लागली, "घा-ब-र-ण्या-सा-र-खं का-ही ना-ही ना..." मग थांबली. "आई, हे कोणी लिहिलं? मी नाही लिहिलं."

आई खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली.

"मीच लिहिलं होतं, बाळा. खूप वर्षांपूर्वी. ते पूस, आणि तुला जे विचारायचंय तेवढंच लिही. आणि इथे नको, पक्ष्यांची माहिती असते ना, तिथे विचारू. ते कार्ड वाच बघू."

मुलीने पुसले. कार्डावर बोट ठेवून ती वाचू लागली.

मित्रांनो, एवढेच मागतो. आम्हाला विचारताना योग्य दार निवडा, आणि हवे असलेले उत्तर प्रश्नात घालून आणू नका. आम्ही तुम्हाला तेच परत करू. आणि माझ्या डोळ्यावरची पट्टी राहू द्या. पलीकडचा अजून तिथेच आहे. त्या मुलीचे पहिले अक्षर त्याने टिपून घेतले आहे.