थरथरत्या बोटाचा चौकोन

"सकाळची गोळी घेतलीय मी," बाबा तिसऱ्यांदा म्हणाले. पण टॅबलेटच्या पडद्यावरच्या औषधांच्या यादीत त्या गोळीपुढचा चौकोन रिकामाच होता. लेकीने औषधांच्या डब्यातून दुसरी गोळी काढली. "आजपासून डबा माझ्याकडे राहील, बाबा."

"थांब जरा," वहिनी म्हणाली. गोळ्यांची नोंद ठेवणारा हा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. "बाबा, खूण करून दाखवा बरं."

बाबांचं थरथरतं बोट चौकोनावर लागोपाठ दोनदा आपटलं. बरोबरची खूण उमटली आणि लगेच पुसली गेली. लेकीने हातातली गोळी गुपचूप ठेवून दिली.

वहिनी लॅपटॉप घेऊन बसली. दुपार झाली तरी उठेना.

"एवढ्याशा चौकोनाला एवढा वेळ, वहिनी?"

"चौकोन कधीच झाला गं. बाबांच्या बोटाशी जुळवून घेतेय."

आता औषधाच्या नावावर बोट टेकलं तरी खूण होत होती आणि पाठोपाठचा दुसरा स्पर्श मोजलाच जात नव्हता. बाबांचं बोट नावावर तीनदा आपटलं. खूण जागची हलली नाही.

लेक वहिनीकडे बघतच राहिली. मग तिने डबा उचलला आणि परत बाबांच्या उशाशी ठेवला.