उंचावरची खुर्ची

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी न्यायमूर्ती अच्युत सावरगावकर चहाला बसले आणि त्यांची खुर्ची दोन हात वर गेली. कप खाली टेबलावरच राहिला.

"अहो, खाली या," कुमुदताई म्हणाल्या.

"येतो," म्हणून त्यांनी उडी मारली.

परभणीच्या दिवाणी न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत त्यांची सगळी नोकरी उंचावर बसून झाली होती. त्यांना फारसं नवल वाटलं नाही. सुताराकडून त्यांनी खुर्चीचे पाय कापून घेतले. ते बसल्यावर ती आणखी वर गेली. सोफा, पलंग, देवापुढचा पाट, सगळ्यांचं तेच. जमिनीवर मांडी घातली तर तेवढीच फरशी चौथऱ्यासारखी उचलली गेली.

मग ते उभेच राहू लागले. उभ्यानं जेवत, भिंतीला टेकून डुलकी काढत. गुडघे सुजले. कुमुदताई त्यांना तेल चोळता चोळता म्हणाल्या, "वरून माणसं कशी दिसतात हो?"

"भांग दिसतात. चेहरा दिसायला त्यांनाच वर बघावं लागतं."

"आणि बोललेलं?"

"ते नाही ऐकू येत नीट."

"इतकी वर्षं?"

न्यायमूर्तींनी दुसरा गुडघा पुढे केला.

एका दुपारी गुडघ्यांनी दगा दिला आणि ते हॉलमधल्या खुर्चीत कोसळले. डोकं छताला टेकेपर्यंत खुर्ची चढत गेली. आता उडी मारणं शक्य नव्हतं.

"कुमुद!"

कुमुदताई आतून आल्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. त्यांनी छातीवर हात ठेवला, दाराकडे बोट केलं, पुन्हा छातीवर हात ठेवला. कळ येत होती, की डॉक्टरांना बोलवा म्हणत होत्या, की निरोप घेत होत्या, वर काहीच कळेना.

"जरा मोठ्यानं बोल गं."

कुमुदताईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. एवढ्या संसारात नवऱ्यापुढे त्यांनी कधी हात जोडले नव्हते. न्यायमूर्तींना नाही म्हणायचं होतं, थांब म्हणायचं होतं. पण छत मानेवर दाबत होतं. मान एकदाच, सावकाश, खाली झुकली, कोर्टात शिक्षा सुनावल्यावर झुकायची तशी.

कुमुदताईंनी ते पाहिलं आणि हात खाली घेतले.

दारातून दोन महिला पोलीस आत आल्या आणि कुमुदताईंना दंडाला धरून घेऊन गेल्या. दाराबाहेर जिन्यापर्यंत माणसांची रांग लागली होती. तिच्यातला पहिला माणूस आत आला, चपला काढून उभा राहिला आणि बोलू लागला.