तिरका दोरा

भाताच्या कुकरचं बटण टक् करून वर आलं आणि तेवढ्याशा आवाजाने आम्ही तिघंही दचकलो. सासरे फोनकडे बघत बसले होते. माझी लेक चिहो माझ्या मांडीत पाय खुपसून, अर्धवट झोपेत, माझ्या अंगठ्याशी खेळत होती.

तोमोहारूचा आकडा अजून यायचा होता.

हिवाळ्यात आमच्या घराचा दिवस त्या आकड्याने सुरू होतो. उजाडताच घरातला एक जण गोठलेल्या तळ्यावर जातो आणि बर्फाला भोकं पाडून वाकासागी किती खोलीवर आहेत ते शोधतो. बोटाएवढे मासे, पण हट्टी. गळ हातभर वर किंवा खाली राहिला तर ढुंकूनही बघत नाहीत. मग तो आकडा मी काठावरच्या फळ्यावर खडूने लिहिते. फळ्यावर आकडा असला की तळं उघडं, असा इथला रिवाज. बर्फ किती जाड आहे हे वेगळं कुणी विचारत नाही. चाळीस वर्षं सासऱ्यांनी आकडा आणला. गेली दोन वर्षं माझा नवरा, तोमोहारू, जातो.

सोमवारी अकरा मीटर होते. मग नऊ. काल सहा. ऐन फेब्रुवारीत मासे रोज वर सरकत होते आणि सासरे रोज थोडं कमी जेवत होते. तीन दिवस दक्षिणेचं ऊबदार वारं सुटलं होतं, छपरावरून पाणी गळत होतं. काल जेवताना ते एकदाच म्हणाले होते, हे तर तळाशी बसून राहायचे दिवस, मग कशासाठी येताहेत वर? तुम्हाला भेटायला, असं म्हणून तोमोहारू हसला होता.

फोन वाजला.

"दीड मीटर. लिहून टाक."

तो भलताच खुशीत होता. त्याच्या मासे दाखवणाऱ्या नव्या यंत्राच्या पडद्यावर मासे बर्फाच्या अगदी खाली पट्टा धरून होते. आज लहान पोरंसुद्धा टोपलीभर काढतील, चिहोला घेऊनच ये, म्हणाला. कुठे आहेस विचारलं तर ओढ्याच्या मुखाशी. तिकडे मासे दाट, म्हणून धोक्याची हद्द दाखवणाऱ्या लाल झेंड्याच्या पलीकडे गेला होता. ड्रिल तर दोन फेऱ्यांतच आरपार गेलं, नवीन पातं बसवल्याचा फायदा.

सासऱ्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"ते यंत्र ठेव बाजूला. साधा दोरा सोड, शिसं लावून."

"आता कशाला, बाबा?"

"सोड म्हणतो ना."

यंत्र बर्फावर ठेवल्याचा आवाज आला.

"सोडला."

"सरळ उभा आहे?"

तोमोहारू म्हणाला, "तिरका जातोय. बराच तिरका."

सासऱ्यांनी डोळे मिटले. डोंगरावरचा बर्फ वितळून ओढा आत वाहायला लागला होता. हे पाणी बर्फाच्या पोटाला घासून धावतं. त्या ताज्या पाण्यासाठी मासे वर येतात आणि तेच पाणी बर्फ खालून खात जातं. वरून काहीच दिसत नाही.

"पोरा, आडवा हो," ते म्हणाले. चिहोला झोपवताना काढतात तो आवाज होता. "हातपाय पसर. गेलास त्याच वाटेने सरपटत मागे ये. सामान राहू दे तिथेच."

आम्ही काठावर पोचलो तेव्हा पंधरा-वीस माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन फळ्यासमोर उभी होती. मी 'बंद' लिहिलं. एका धिप्पाड गृहस्थाने विचारलं, तळं काय मालकीणबाईंच्या मर्जीवर उघडतं का? कुणी हसलं नाही. मी बघत होते तिकडे सगळ्यांनी बघितलं होतं.

दीडशे पावलांवर तोमोहारू पालथा पडला होता. त्याच्याभोवतीचा बर्फ करडा झाला होता, वर पाणी आलं होतं. तो कोपर हलवायचा आणि तो सगळा तुकडा त्याच्यासकट कलायचा. म्हणून आता तो हलतही नव्हता. बचावपथकाला फोन झाला, त्यांना यायला चाळीस मिनिटं लागणार होती. तो धिप्पाड माणूस होडीच्या खोपटातला दोर घेऊन धावला. सासरे काठी आडवी धरून त्याच्यापुढे उभे राहिले.

"तुम्ही गेलात तर दोघंही जाल. हलकं माणूस पाहिजे."

लोक एकमेकांच्या अंगाकडे बघू लागले. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला.

मी जाड कोट काढला. त्या धिप्पाड माणसानेच दोर माझ्या कमरेला बांधला. बांधताना तो माफी मागत होता, कशाची ते त्यालाही माहीत नसावं. सासऱ्यांनी गाठ दोनदा ओढून पाहिली, माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

मी चिहोपुढे गुडघ्यांवर बसले, तिची टोपी कानांवर ओढली. आजोबांचा हात सोडायचा नाही, म्हटलं. तिने मान हलवली. तिचे गाल गरम होते, झोपेतून उठल्यावर असतात तसे. ती माझ्या कमरेच्या दोराकडे बघत होती, मग तळ्याकडे, मग परत माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "मी तर तुझ्यापेक्षा हलकी आहे ना? मग तू का जातेस?"