माहितीसाठी प्रत

कागदावरचा ‘दादा’ गादीवाल्याच्या बायकोने पुन्हा खोडला.

“धंद्याचं पत्र आहे. ‘महोदय’ लिहा.”

“सख्ख्या भावाला महोदय?”

“वाटणीपासून तोंड बघत नाही त्या भावाला. दादा म्हणालात तर न वाचता फाडतील. धंद्याच्या पत्राला मात्र उत्तर देतीलच.”

तेही खरंच होतं. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा वडिलांचा शिरस्ता. सुतारकाम थोरल्याकडे गेलं, गादीकाम धाकट्याकडे आलं. शिरस्ता तेवढा दोघांकडे राहिला होता.

नव्या नाट्यगृहाला गादीसकट तयार खुर्च्या हव्या होत्या. एवढं मोठं काम गादीवाल्याने जन्मात पाहिलं नव्हतं आणि थोरल्याच्या लाकडी सांगाड्यांशिवाय ते हातून जाणार होतं. त्याने दात-ओठ खात ‘महोदय’ लिहिलं. आईला मात्र काहीच कळू दिलं नाही. म्हातारीला उगाच आशा कशाला लावायची?

मग त्याचं कामात लक्ष लागेना. पोस्टमनची सायकल वाजली की सुई गादीतच टोचून तो दाराकडे धावायचा.

अखेर उत्तर आलं. त्याने उभ्या उभ्या पाकीट फोडलं.

“‘महोदय, आपले पत्र मिळाले. सदर काम करण्यास आम्ही तयार आहोत. नमुना पाहण्यास आपण समक्ष यावे. कळावे, आपला विश्वासू.’ अगं, तयार आहे! दादा तयार आहे!”

त्याने बायकोला गरकन फिरवलं, कापसाचा ढीग लाथेने उडवला, पत्र पुन्हा वाचलं आणि एकदम खाली बसला.

“घरचा एक शब्द नाही गं.”

“तुम्ही तरी कुठे लिहिला होता?”

कागदाची घडी घालताना सहीखालची ओळ त्याच्या अंगठ्याखालून बाहेर आली. ‘प्रत माहितीसाठी : आई.’

त्याने मान वर केली. आतल्या दारात आई उभी होती. केस नीट विंचरलेले, पायात बाहेरच्या चपला, आणि हातात दुसरं पाकीट.

“मघाशी मागच्या दारी पोस्टमनने माझ्या हातात दिलं,” ती म्हणाली. “माझ्या नावाचं. वर चक्क ‘माननीय’ लिहिलंय.”

“आई, अगं...”

“समक्ष या म्हटलंय ना त्याने? मग ऊठ. धंद्यात उशीर बरा दिसत नाही.”