आबांना विचारलं का?

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघून सगळेच दचकतात. तुम्हीही दचकलात तर मला राग नाही. मी माणूस नाही. मी एक जुना बाहुला आहे, पण खेळण्यातला नव्हे. उंची पाच फूट सहा इंच, वजन बेचाळीस किलो, हातापायांत वाळू भरलेली आणि उजव्या गुडघ्याचा स्क्रू ढिला. शाळेतल्या वरच्या वर्गांतल्या ज्या मुलामुलींना पुढे दवाखान्यात काम करायचं असतं, त्यांना रुग्णसेवा शिकवण्यासाठी मला बनवलं. म्हणजे जन्मापासून माझं काम एकच, आजारी पडून राहणं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळून एकदाही न कण्हलेला पेशंट तुम्हाला शोधून सापडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मला चेहरा होता पण भुवया नव्हत्या. त्या रंगवणाऱ्या बाईंना ऐन वेळी शिंक आली आणि माझी डावी भुवई जरा वर सरकली. त्यामुळे मी सारखा कुणाला तरी काहीतरी विचारतोय असं वाटतं. बाईंनी कापडाने पुसायचा प्रयत्न केला, मग म्हणाल्या की राहू दे, दहा जणांत उठून दिसेल. तसाच खोक्यात बसून मी शाळेत आलो.

शाळेच्या तळमजल्यावर, प्रयोगशाळेच्या शेजारी एक लांबट खोली होती. तिच्यात दवाखान्यातल्यासारखी लोखंडी खाट, सलाईनचा स्टँड, दोन बादल्या, चादरींचं कपाट आणि मी. शिकवायला होत्या सिस्टरबाई. तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून राबून त्या शाळेत आल्या होत्या. बुटक्या, आवाजाने खणखणीत, आणि खोटं बोलणाऱ्याला जागच्या जागी पकडणाऱ्या. माझं टक्कल आणि कानांवरचे पांढरे रंगवलेले केस बघून त्यांनी मला ‘आबा’ म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवसापासून मी सगळ्या शाळेचा आबा झालो.

सिस्टरबाईंचा एक नियम होता. मला हात लावण्याआधी प्रत्येकाने माझ्या तोंडाकडे बघून आपण कोण ते सांगायचं, काय करणार ते सांगायचं आणि ‘चालेल का?’ असं विचारायचं. एवढ्यावर भागत नसे. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजायचे, म्हणजे मला उत्तर द्यायला जागा मिळेल. मग हात लावायचा.

आता सांगा, वाळू भरलेल्या बाहुल्याला ‘चालेल का?’ विचारून उत्तराची वाट बघायची म्हटल्यावर पंधरा-सोळा वर्षांची पोरं हसणार नाहीत तर काय करतील? पहिला आठवडा खोलीत नुसती खसखस पिकायची. एक आगाऊ मुलगा तर माझ्या वतीने बारीक आवाजात ‘नाही चालणार’ म्हणायचा. तेव्हा सिस्टरबाईंनी सगळ्यांना खाली बसवलं आणि आपल्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगितली. त्यांनी एका पेशंटला न सांगता कुशीवर वळवलं होतं. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून त्याला कळतही नसेल असं त्यांना वाटलं. वळवल्यावर त्याचा चेहरा दिसला. तो रडत होता. एवढं सांगून त्या कपाटातून चादर काढायला गेल्या आणि बराच वेळ चादरच शोधत राहिल्या. त्यानंतर कोणी हसलं नाही. तो आगाऊ मुलगाही मला मुकाट्याने विचारू लागला.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. मला रोज स्पंज मिळे, पाणी आधी मनगटावर घेऊन बघितलेलं. दर दोन तासांनी मला कूस बदलून मिळे, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत. जखमा मला कुठून होणार? पण कोणीतरी आपल्या पाठीची काळजी करतंय हे काय कमी आहे?

अशाच एका वर्षी धाकटी आली. तिची थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी याच खोलीत पहिली आली होती, म्हणून हिला सगळे धाकटी म्हणत. थोरली म्हणजे तोंडाचा पट्टा. धाकटीच्या तोंडाला कुलूप. हात मात्र असे की सिस्टरबाई बघत राहत. पेशंट खाटेवर असतानाच चादर बदलायची असते. त्याला एका कुशीवर घ्यायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळायची, नवी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. धाकटीने घातलेल्या चादरीला सुरकुती शोधून सापडत नसे. पण ती मला काही विचारत नसे. माझ्याकडे बघायची, ओठ उघडायची, मिटायची आणि कामाला लागायची.

वर्गाला वाटलं, हिला शिंगं फुटली आहेत. सहामाही परीक्षेत ‘रुग्णाशी बोलणे’ या रकान्यात वीसपैकी शून्य पडलं. त्या रकान्यात निम्मे गुण नसतील तर बाकी सगळं उत्तम असलं तरी नापास, आणि नापास झालेल्याला दवाखान्यातल्या सहा आठवड्यांच्या शिक्षणाला जाता येत नसे. ते नाही झालं तर नर्स होण्याची पुढची वाटच बंद. धाकटीला दुसरं काहीच व्हायचं नव्हतं.

मला खरं कारण मधल्या सुट्टीत कळलं. सगळे डबे घेऊन मैदानावर गेले होते. ती चादरींच्या घड्या घालायचं निमित्त करून आली, दार लोटून घेतलं, माझ्या उशाशी उभी राहिली आणि म्हणाली, “आ... आ... आबा, मी त... त... त...” पुढचा शब्द काही बाहेर येईना. मान ताठ झाली, डोळे भरले. अहो, ती बोलत नव्हती कारण तिची जीभ अडखळत होती. घरी तिने वाक्य सुरू केलं की ताई प्रेमाने पुरं करायची. दुकानात दुकानदार पुरं करायचा. आधीच्या शाळेत शेजारीण. सोळा वर्षांत त्या पोरीला स्वतःचं वाक्य स्वतः संपवायची संधी फारशी मिळालीच नव्हती.

मी काय करणार? मी कुणाचं वाक्य पुरं करत नाही, करताच येत नाही. मला घड्याळ नाही. माझी डावी भुवई वर आहे आणि मी वाट बघतोय असं दिसतं, इतकंच. पण तिला तेवढं पुरलं. त्या दिवशी ‘तुम्हाला वळवणार आहे’ एवढं म्हणायला तिला अख्खी सुट्टी लागली. दुसऱ्या दिवशी अर्धी लागली. पुढे पुढे तर ती मला घरच्या गोष्टी सांगायची. ताई किती चांगली आहे आणि तिचा कधीकधी किती राग येतो, हे एकाच दमात. अडखळणं काही गेलं नाही, पण अडखळली तरी ती थांबेनाशी झाली. एकदा सिस्टरबाई दारापर्यंत आल्या, आतला आवाज ऐकला आणि पाय न वाजवता परत गेल्या. मी पडल्या पडल्या दाराच्या फटीतून बघितलं ते.

वार्षिक परीक्षेला मोठ्या दवाखान्यातल्या मेट्रन, म्हणजे तिथल्या सगळ्या नर्सच्या प्रमुख, आल्या. उंच, चष्मा नाकावर, मनगटावर घड्याळ आणि चेहऱ्यावर घाई. त्यांना अठरा मुलं तपासायची होती. धाकटीचा नंबर शेवटून तिसरा. तोवर मला पंधरा वेळा वळवून झालं होतं आणि मेट्रनना जांभया येत होत्या. काम तेच, पेशंटसकट चादर बदलणे. वेळ बारा मिनिटं.

धाकटी माझ्या उशाशी आली. आपलं नाव सांगताना पहिल्याच अक्षराला अडली. मेट्रननी आपल्या हातातल्या कागदावरचं नाव वाचून टाकलं. मग ती “मी तुमची च... च...” करू लागली. मेट्रन म्हणाल्या की चादर, कळलं, पुढचं कर. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. सिस्टरबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, परीक्षेत त्यांना बोलायची बंदी होती. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मित्रांनो, त्या क्षणी मला एक शब्द बोलता आला असता तर बाकीचा सगळा जन्म मी मुका राहायला तयार होतो.

धाकटीने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडली. मेट्रननी घड्याळ बघितलं आणि मुलीला मदत व्हावी म्हणून, वाईट हेतूने नव्हे, स्वतःच पुढे होऊन माझ्या खांद्याखाली हात घातला.

धाकटीने त्यांचं मनगट धरलं.

“थांबा,” ती म्हणाली. “आबांना वि... वि...” मेट्रननी तोंड उघडलं होतं, शब्द त्यांच्या ओठांवर आलेला दिसत होता. धाकटीने मान हलवून नको म्हटलं आणि स्वतःच पुरं केलं. “विचारलं नाही अजून.”

मेट्रननी हात काढून घेतला. धाकटी माझ्याकडे वळली. आपण कोण, काय करणार, चालेल का, सगळं तिने सांगितलं. दर चार शब्दांना ठेच लागत होती. मग ती पाच आकडे थांबली. आणि गंमत बघा, मेट्रनही माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. एवढ्या मोठ्या दवाखान्याची मेट्रन एका बाहुल्याच्या उत्तराची वाट बघत उभी होती. मग चादर बदलली गेली. सुरकुती नव्हती. पण बाराच्या जागी सोळा मिनिटं लागली.

मुलं गेल्यावर मेट्रननी गुणांचा कागद भरला. मग तो पुढे करत त्या सिस्टरबाईंना म्हणाल्या, “वेळेचे गुण कापलेत. बोलण्याचे कापायला बसले, तर कुठून कापू ते सापडेना.”

सिस्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला असता, पण मला पडायला जागा नव्हती, मी आधीच पडलेलो.

दवाखान्यातले सहा आठवडे संपल्यावर धाकटी मला भेटायला आली. तिथे तिला एक आजोबा मिळाले होते, अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती. बाकीच्यांना त्यांच्याशी बोलताना कंटाळा यायचा. ही दोघं मात्र एकमेकांचं वाक्य संपेपर्यंत थांबायची, आणि एक साधी ‘पाणी हवंय का’ची गोष्ट दहा मिनिटं चालायची. हे सांगताना ती इतकी हसली की मला वाटलं, आता हिला माझी गरज उरली नाही. बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

पुढे सिस्टरबाई निवृत्त झाल्या. खोलीत नवा बाहुला आला. त्याच्या पोटात तारा. तो खोकायचा, डोळे मिटायचा, चुकीच्या जागी दाबलं की ‘दुखतंय’ म्हणायचा. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात, इथे पेशंटचीच गरज सरली. मला कोठीघरात मोडक्या बाकांच्या मागे टेकवलं. कोणीतरी माझ्या हातावर ओलं फडकं वाळत घातलं. कोणीतरी पेनाने मिशा काढल्या. किती वर्षं गेली मोजली नाहीत, कारण तिथे कूस बदलायला कोणी येत नसे. शेवटी भंगाराच्या यादीत माझं नाव लागलं आणि शिपाईकाकांनी माझ्या कपाळावर खडूने फुली मारली.

ज्या सकाळी भंगाराची गाडी यायची होती, त्याच सकाळी दारात पावलं वाजली. शिपाईकाकांनी माझे पाय धरून ओढायला सुरुवात केली होती, ढिला गुडघा कुरकुरत होता. “थांबा,” कोणीतरी म्हणालं. आवाज मी लगेच ओळखला. धाकटी होती. दवाखान्यात बरीच वर्षं काढून त्या खोलीत आता तीच शिकवायला आली होती. मागे तिच्या वर्गातली चार मुलं होती. काकांना तिने सांगितलं की वर्ग नव्या बाहुल्याला मुद्दाम टोचतो, तो ‘दुखतंय’ म्हणतो आणि सगळे हसतात. जो ओरडतो त्याची काळजी घ्यायला कोणीही शिकेल, तिला न ओरडणारा हवा होता. काका म्हणाले, बरं बाई, घेऊन जा, आणि पुन्हा माझी तंगडी धरली.

धाकटीने त्यांचा हात हळूच बाजूला केला. ती माझ्याजवळ उकिडवी बसली, रुमालाने कपाळावरची फुली पुसली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “आबा, मी धाकटी. आम्ही तुम्हाला उ... उ...”

एका मुलाने शब्द सुचवायला तोंड उघडलं. तिने बोट वर केलं. तो थांबला. काकाही थांबले, बाहेर गाडीचा भोंगा वाजत होता तरी थांबले.

“उचलणार आहोत. चालेल का?”

मग मुलं मनातल्या मनात मोजू लागली. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शेजारात कोणीतरी असेल, ज्याला बोलायला वेळ लागतो किंवा मुळीच बोलता येत नाही. त्याला उचलायच्या आधी, वळवायच्या आधी, त्याच्या वतीने बोलायच्या आधी एकदा विचारत जा. विचारून पाच आकडे थांबा. त्या सकाळी मुलांचे पाच आकडे मोजून झाले, आणि माझं उत्तर ‘हो’ होतं.