डोलीतलं इंजिन

भागोजीने मुंबईच्या गोदीत वीस वर्षं वेल्डिंग केलं होतं, पण स्वतः मशीन विकत घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. उमरठच्या वरच्या वाडीत पाण्याची लोखंडी टाकी जोडायची होती. तिथे विजेचा पत्ता नाही, रस्त्याचं तर नावच सोडा.

महाडच्या दुकानदाराने इंजिनावर चालणारी दोन मशिनं दाखवली. दोन्हींच्या हातात धरायच्या बंदुकीतून वेल्डिंगची तार आपोआप सरकायची. मोठ्याचं तो तोंड भरून कौतुक करू लागला.

"ताकद नंतर सांगा," म्हणत भागोजीने बाहेर बसलेल्या चौघांना हाक मारली. आजारी माणसाला डोंगरावरून नेण्याची डोली घेऊनच ते आले होते. मोठं मशीन डोलीत घालून उचलताच तिचा बांबू कडाडला. धाकटं मात्र चौघांनी खांद्यावर घेतलं.

"हेच द्या," भागोजी म्हणाला. दुकानदाराने कपाळावर हात मारला.

टेम्पोने सोडलं तिथून चढण सुरू झाली. धूळ नको म्हणून मशीनवर घोंगडी टाकली होती. डोली दिसली की खांदा द्यायचा, ही इथली रीत. भेटेल तो गडी हळहळत पुढे होई आणि चार पावलं वाहून नेई. भागोजी मोठा लबाड, त्याने कुणाला काही सांगितलं नाही.

वाडीतली अंबूबाई डोली बघून रडकुंडीला येऊन धावली. "कोण रे बाबा?" म्हणत तिने घोंगडी सारली आणि कमरेवर हात ठेवले.

"हे काय हाय?"

"इंजिन हाय, काकी."

"मग त्यानं माणसांना न्यायचं, का माणसांनी त्याला?"